पाण्याचा जिना

पाण्याचा धर्म उताराकडे धांवण्याचा, आणि नौकेचा धर्म पाण्याच्या आधारानें चालण्याचा. तेव्हां एखादी नौका एका बाजूनें टेकाड चढते, त्याच्या माथ्यावरून जाते आणि दुसऱ्या बाजूनें समुद्राकडे उतरते, असें कोणी सांगितलें तर ऐकणाऱ्यास तें पुराणांतील आख्यानच वाटावें. परंतु फ्रान्सच्या दक्षिणेस, लांगदॉक प्रांतांत, हें दृश्य इ. स. १६८१ पासून लोक पाहत आले आहेत. तूलूझ शहराजवळ गारोन नदीपाशीं सुरू होऊन भूमध्य समुद्रालगतच्या एका खाऱ्या सरोवरास मिळणारा, २४० किलोमीटर लांबीचा हा कालवा प्रथम ‘लांगदॉकचा राजकालवा’ म्हणून ओळखला जाई. राज्यक्रांतींत राजा गेला, तसें कालव्याच्या नांवांतील ‘राज’हि गेलें, आणि तो ‘कानाल द्यु मिदि’, म्हणजे दक्षिणेचा कालवा, झाला. ह्या कालव्यानें जाणाऱ्या नौकेला साठांहून अधिक पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात. ह्या पायऱ्यांना ‘लॉक’ म्हणतात.

लॉकची रचना सांगावयास सोपी आहे. कालव्याच्या पात्रांत, जेथें खालची पातळी संपून वरची सुरू होते तेथें, दगडी बांधणीचा एक लांबट हौद असतो. त्याला खालच्या अंगास एक आणि वरच्या अंगास एक अशीं दोन दारें. चढणारी नौका खालच्या दारानें हौदांत येते. तें दार तिच्या मागें लावून घेतात. मग वरच्या दारांतील झडपा उघडल्या कीं वरचें पाणी हौदांत उतरूं लागतें, आणि त्याबरोबर नौका वर येऊं लागते. आंतील पाणी वरच्या पाण्याच्या बरोबरीस आलें कीं वरचें दार विनासायास उघडतें आणि नौका पुढें निघून जाते. उतरावयाचें असल्यास हाच क्रम उलटा. दोन्ही दारें एकाच वेळीं उघडावयाचीं नाहींत, एवढाच काय तो नियम.

ही युक्ति जुनी आहे. चीनमधील महाकालव्यावर इ. स. ९८४ मध्यें छ्याव वेइय्वे नामक सरकारी अधिकाऱ्यानें अशी दोन दारांची योजना केली होती. तत्पूर्वीं नौका मातीच्या उतरणीवरून दोरांनीं ओढून वरखालीं कराव्या लागत. त्यांत त्या फुटत, आणि त्या धांदलींत सरकारी धान्य चोरीस जाई. युरोपांत पंधराव्या शतकाच्या अखेरीस दाराची एक सुधारलेली तऱ्हा प्रचारांत आली. तींत दोन कवाडें एकमेकांस कोन करून वरच्या पाण्याकडे टोंक काढून मिटतात, आणि मागून येणारा पाण्याचा लोट त्यांना अधिकच घट्ट दाबून धरतो. मिलान शहरांतील कालव्यांवर काम करणाऱ्या लिओनार्दो द व्हिंचीच्या नांवाशीं ही सुधारणा जोडली जाते.

मात्र ह्या सोप्या यंत्राची एक किंमत आहे. नौका चढो वा उतरो, प्रत्येक खेपेस एक हौदभर पाणी वरच्या पातळीवरून खालच्या पातळीस जातें, आणि तें परत येत नाहीं. नदीच्या शेजारून जाणाऱ्या कालव्यास ह्याची फारशी चिंता नसते. वरून नदी त्याला पाणी पुरवीत राहते. परंतु दोन समुद्रांमधील टेकाड ओलांडणारा कालवा माथ्यावरून दोन्ही बाजूंस पाणी खर्चीत असतो. माथ्याच्या वर नदी नसते. मग तें पाणी आणावयाचें कोठून? पात्र खणण्याचा प्रश्न कुदळ-फावड्यानें सुटतो. हा प्रश्न तसा सुटत नाहीं.

ह्याच प्रश्नापाशीं लांगदॉकच्या कालव्याची कल्पना वारंवार अडली होती. त्याची गरज सर्वांस पटलेली होती. बोर्दोहून निघालेल्या जहाजाला मार्सेय गांठावयाचें तर सबंध स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनींतून जावें लागे. त्या वाटेवर वादळें होतीं, उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील चांचे होते, आणि फ्रान्सशीं वारंवार युद्धास उभा राहणारा स्पेनचा राजा होता. सोळाव्या शतकांत पहिल्या फ्रान्सिस राजानें ह्या कालव्याचा विचार केला. पुढें चौथ्या हेन्रीच्या दरबारांतहि तो झाला. १६४२ सालीं फ्रान्सच्या मध्यभागीं ल्वार आणि सेन ह्या नद्यांचीं खोरीं जोडणारा ब्रिआरचा कालवा पुराहि झाला, आणि त्यावर रोन्यी गांवीं एकाला एक लागून सात लॉक बांधले गेले. म्हणजे पाण्याचा जिना बांधण्याची कला फ्रेंच कारागिरांना अवगत झाली होती. लांगदॉकांत अडचण जिन्याची नव्हती. जिन्याच्या वरच्या टोंकाशीं पाणी नव्हतें.

हें कोडें ज्यानें सोडविलें तो ना गणिती होता, ना स्थपति, ना सैन्यांतील अभियंता. पिएर पॉल रिके हा बेझिए गांवीं जन्मलेला गृहस्थ लांगदॉकांत मिठावरील कर वसूल करण्याचा मक्तेदार होता. ज्या देशानें १९३० सालीं चिमूटभर मिठासाठीं सत्याग्रह केला, त्या देशांतील माणसांस असल्या कराची जाचकता समजावून सांगण्याचें कारण नाहीं. फ्रान्समध्येंहि हा कर गरिबांच्या पोटावरचा म्हणून कुप्रसिद्ध होता. रिकेची संपत्ति त्यांतून आलेली होती, आणि पुढें कालव्यांत ओतली गेली ती हीच. रिकेच्या गौरवाच्या भाषणांत ही गोष्ट सहसा येत नाहीं. परंतु ती बाजूस ठेवली तर त्याचें चरित्र अर्धेंच सांगितल्यासारखें होईल.

करवसुलीच्या निमित्तानें रिके प्रांतभर हिंडे. प्रांताच्या उत्तरेस ‘काळा पर्वत’ म्हणून ओळखली जाणारी अरण्यमय डोंगरांची रांग आहे. तीवर पाऊस मुबलक पडतो आणि तिच्या कुशींतून अनेक ओहोळ वाहतात. त्यांतले कांहीं पश्चिमेस जाऊन अटलांटिकला मिळतात, कांहीं भूमध्य समुद्राची वाट धरतात. दोन समुद्रांचे पाणलोट वेगळे करणारी सर्वांत सखल जागा म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर उंचीवरील नोरूझची खिंड. काळ्या पर्वतावरील ओहोळ वरच्या वर अडवून, डोंगराच्या कडेकडेनें पाट काढून, त्यांचें पाणी नोरूझला आणावें, अशी रिकेची योजना होती. नोरूझच्या झऱ्याचें पाणी एका दगडास अडून दोन बाजूंस वाटलें जातांना पाहून त्याला ही कल्पना स्फुरली, अशी दंतकथा आहे. दंतकथेंत पायपीट दिसत नाहीं. रव्हेल गांवच्या पाण्याची व्यवस्था पाहणारा पिएर कांपमास नांवाचा माणूस रिकेबरोबर त्या अरण्यांतून फिरला. कोणता ओहोळ उन्हाळ्यांत आटतो, कोणाचें पाणी कोणत्या उतारानें वळवितां येतें, हें ज्ञान ग्रंथांत नव्हतें. तें कांपमाससारख्या माणसांच्या पायांत होतें. मोजणी आणि नकाशे ह्यांच्या कामीं फ्रान्स्वा आंद्रेओसी हा तरुण अभियंता रिकेला मिळाला.

१५ नोव्हेंबर १६६२ रोजीं रिकेनें चौदाव्या लुईचा कारभारी कोल्बेर ह्यास पत्र लिहून आपली योजना कळविली. कोल्बेर हिशेबी होता. त्यानें तज्ज्ञ नेमले. तज्ज्ञांनीं शंका काढल्या. तेव्हां एक अरुंद पाट चाचणीसाठीं खणून दाखवावा असें ठरलें, आणि १६६५ सालीं रिकेनें काळ्या पर्वताचें पाणी खरोखरीच नोरूझपर्यंत आणून सोडलें. त्यापुढें वादास फारशी जागा राहिली नाहीं. ज्या सालीं शिवाजीमहाराज आग्र्याहून निसटून स्वदेशीं परतले त्याच १६६६ सालच्या ऑक्टोबरांत लुईनें कालव्याचा हुकूम काढला. करार असा झाला कीं, खर्चाचा कांहीं भाग राजानें, कांहीं प्रांताच्या सभेनें आणि कांहीं रिकेनें उचलावा. मोबदल्यांत कालवा व त्यावरील जकातीचें उत्पन्न रिकेकडे आणि त्याच्या वंशजांकडे जहागिरीसारखें राहावें. रिके त्या वेळीं साठीच्या घरांत आला होता.

कालवा पुरा झाल्यावर त्यावरून टपालाची नौका चालूं लागली. तिच्या वाटेनें गेलें म्हणजे रिकेच्या कामाची ओळख क्रमानें होते. तूलूझहून आग्द बंदरापर्यंत ही नौका चार दिवस घेई. कांठच्या वाटेवरून घोडे ती दोरानें ओढीत. दुपारच्या जेवणाचीं आणि रात्रीच्या मुक्कामाचीं ठिकाणें ठरलेलीं होतीं: पहिल्या दुपारीं नेग्रा, रात्रीं कास्तेलनोदारी, पुढें एक रात्र त्रेब येथें आणि एक ल सोमाय येथें. अशा मुक्कामावर खाणावळ असे, घोड्यांचा तबेला असे, आणि बहुधा एक लहानसें प्रार्थनामंदिरहि असे. जेथें अनेक लॉक एकाला एक लागून असत तेथें प्रवासी आपलें बोचकें घेऊन खालीं उतरत, जिन्याच्या कडेनें चालत जात आणि पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या नौकेंत बसत. ह्यांत वेळ वांचे, आणि पाणीहि वांचे.

तूलूझपासून नोरूझपर्यंतचे सुमारे पन्नास किलोमीटर सारा चढ आहे. एकेक लॉक लागतो, नौका मीटर दोन मीटर वर येते, मागचीं शेतें खालीं राहतात. ह्या लॉकचे हौद चौकोनी नाहींत. ते मध्यें फुगीर आहेत, दाराशीं सहा मीटर तर मधोमध अकरा मीटर रुंद. लांबी सुमारे तीस मीटर. हा आकार शोभेसाठीं नाहीं. आरंभीं रिकेनें सरळ भिंतींचेच हौद बांधले होते; त्यांतला तूलूझकडील एक, हौद रिकामा असतांना बाहेरच्या ओल्या मातीच्या दाबानें कोसळला. तेव्हां त्यानें भिंतींना बाक दिला. कमान जशी वरचा भार पेलते तशी आडवी ठेवलेली ही कमान मातीचा रेटा पेलते. एका पडलेल्या भिंतीनें शिकविलेला हा धडा कालव्याच्या बहुतेक लॉकवर आजहि दगडांत वाचावयास मिळतो.

नोरूझला नौका माथ्यावर पोंचते. येथें नजरेंत भरण्यासारखें फार थोडें आहे. रिकेनें येथें एक मोठा अष्टकोनी तलाव बांधला होता. तो गाळानें भरून निकामी झाला. एकोणिसाव्या शतकांत त्याच्या वंशजांनीं येथें एक स्तंभ उभारला. परंतु ह्या जागेचें खरें महत्त्व एका साध्या पाटांत आहे. डोंगरांतून आलेलें पाणी त्या पाटानें कालव्यास मिळतें आणि दोन वाटा धरतें: एक अटलांटिकची, दुसरी भूमध्य समुद्राची. चढून आलेल्या नौकेला ज्यानें वर उचललें तें पाणी येथलें, आणि पुढें जें तिला उतरवून देणार तेंहि येथलेंच.

हें पाणी उन्हाळ्यांतहि पुरावें म्हणून काळ्या पर्वताच्या पायथ्याशीं सें फेरेऑल येथें १६६७ ते १६७२ ह्या काळांत एक धरण बांधण्यांत आलें. तीन समांतर दगडी भिंती आणि त्यांच्यामध्यें ठासून भरलेली माती व दगड अशी त्याची रचना आहे. लांबी सुमारे ७८० मीटर, उंची सुमारे ३५ मीटर, आणि त्यामागें सांठणारें पाणी साठ लाख घनमीटरांहून अधिक. कालव्याला पाणी पुरविण्यासाठीं इतकें मोठें धरण त्यापूर्वीं युरोपांत कोणी बांधलें नव्हतें. डोंगरावरचा एक आणि सपाटीवरचा एक असे दोन पाट मिळून साठ किलोमीटरांहून अधिक वळणें घेत हें पाणी गोळा करतात आणि नोरूझला नेतात. नौकेंतील प्रवाशाला ह्यांतलें कांहींच दिसत नाहीं.

धरण आणि कालवा मिळून कामाच्या ऐन भरांत सुमारे बारा हजार माणसें राबत होतीं. शेतीच्या हंगामांत माणसें निघून जात, म्हणून रिकेनें त्यांना मासिक वेतन बांधून दिलें; रविवार, सणाचे दिवस, पावसानें बुडालेले दिवस आणि आजारपण ह्यांचेंहि वेतन कापलें जात नसे. सतराव्या शतकांत ही गोष्ट अपूर्व होती. औदार्याबरोबर त्यांत हिशेबहि होता, कारण माणसें टिकलीं नाहींत तर काम टिकणार नव्हतें. ह्या माणसांत शेंकडों स्त्रिया होत्या. त्या केवळ पाट्या वाहणाऱ्या मजूर होत्या, अशी समजूत दीर्घ काळ होती. एकविसाव्या शतकांतील संशोधनानें निराळी गोष्ट पुढें आणली आहे. पिरिनीज पर्वताच्या गांवांतील बायका पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावरून पाट वळवून घरीं, शेतांत आणि गिरणीवर पाणी आणीत असत. पाण्याला किती उतार द्यावा आणि वळणावर कांठ कसा सांभाळावा, ह्याचें हातांत मुरलेलें ज्ञान त्यांच्याकडे होतें, आणि तें ह्या कामास लागलें असें आतां मानलें जातें. पगाराच्या वह्यांत त्यांची गणती आहे. स्मारकांवर त्यांचीं नांवें नाहींत.

नोरूझनंतर उतार सुरू होतो. कास्तेलनोदारीला एक विस्तीर्ण जलाशय लागतो आणि त्याच्या टोंकाशीं चार हौदांचा जिना. पुढें कार्कासोन शहर दिसतें, पण टपालाच्या जुन्या नौकेला तें लांबूनच दिसे. शहराच्या कारभाऱ्यांनीं कालव्याच्या खर्चांत वांटा देण्याचें नाकारलें होतें, म्हणून रिकेनें कालवा शहराबाहेरून नेला. ही चूक पुढील पिढ्यांस फार जाणवली. अखेर १८१० सालीं नवें पात्र काढून कालवा शहराजवळ आणावा लागला. त्यानंतरच्या वाटेंत आर्जां गांवापासून थेट बेझिएपर्यंत, सुमारे चोपन्न किलोमीटर, एकहि लॉक नाहीं. टेकड्यांच्या कडेनें एकच पातळी राखून कालवा वळणें घेत जातो. त्यावर मजल मारणाऱ्या प्रवाशास वाटावें, संकटें संपलीं. रिकेचीं मात्र येथेंच वाढलीं.

ह्या लांब पातळीच्या शेवटीं आंसेरून्यची टेकडी आडवी येते. तिच्या पोटांतील दगड ठिसूळ होता. टेकडीखालून बोगदा नेण्याचा रिकेचा बेत ऐकून त्याच्या विरोधकांनीं वर कळविलें कीं, ह्याचा कालवा डोंगरावर जाऊन आदळला आहे. कोल्बेरनें काम थांबविण्याची आज्ञा दिली आणि तपासणीसाठीं माणसें पाठविण्याचें ठरविलें. तीं माणसें येण्यापूर्वीं रिकेनें गुपचूप गवंडी लावून आठ दिवसांत टेकडी आरपार फोडली, असें परंपरा सांगते. दिवसांची संख्या कशीहि असो, १६७९-८० च्या सुमारास बोगदा झाला, हें खरें. मालपास येथील हा १६० मीटरांहून थोडा अधिक लांबीचा बोगदा नौकांसाठीं काढलेला युरोपांतील पहिला बोगदा होय.

एव्हांना रिकेचें बळ सरत आलें होतें. कालव्याबरोबर सेत येथील बंदराचें कामहि त्याच्या अंगावर होतें. एकूण खर्च दीड कोटि लिव्रहून पुढें गेला आणि त्याचा सुमारे पंचमांश रिकेला स्वतः उभा करावा लागला. राजाचा आणि प्रांताचा पैसा वेळेवर येत नसे. मजुरांचें वेतन मात्र थांबवितां येत नसे. त्यानें कर्जें काढलीं, आणि मुलींच्या हुंड्यासाठीं राखलेली रक्कमहि त्यांत घातली असें सांगतात. ह्या गृहस्थानें कालवा खणला तो स्वतःला आणि आपल्या कुटुंबाला त्यांत बुडविण्यासाठींच, असें लोक बोलूं लागले. पूर्वीं त्याच्यावर विश्वास टाकणारा कोल्बेरहि आतां त्याच्या हिशेबांकडे संशयानें पाहूं लागला होता.

अशा स्थितींत रिकेनें आपल्या जन्मगांवाच्या वेशीपाशीं, फॉन्सेरान येथें, सर्वांत मोठा जिना बांधावयास घेतला. लांब पातळी येथें एकदम संपते आणि खालीं ओर्ब नदीचें खोरें पसरतें. नदीपलीकडे टेकडीवर बेझिएचें देवालय उभें आहे. मधला उतार साडेएकवीस मीटरांचा. आठ हौद आणि नऊ दारें अशी येथील रचना आहे. वरच्या हौदाचें खालचें दार हेंच खालच्या हौदाचें वरचें दार. उतरणारी नौका पहिल्या भरलेल्या हौदांत शिरते. झडपा उघडतात, पाणी गर्जना करीत खालच्या हौदांत कोसळतें, आणि नौका मंदिराच्या गाभाऱ्यांत उतरावी तशी ओल्या दगडांच्या भिंतींमध्यें खालीं जाते. आकाश अरुंद होतें. मग समोरचीं कवाडें उघडतात आणि पुन्हा उजेड, पुन्हा तीच टेकडी, पूर्वींपेक्षां किंचित् उंच झालेली. असें एकामागून एक होतां होतां तीनशें मीटरांच्या अंतरांत नौका नदीच्या पातळीस येते. ह्या जिन्याच्या बांधकामाचा मक्ता मेदाय नांवाच्या दोघां भावांकडे होता, आणि त्यांच्या हाताखालीं राबणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया होत्या.

१ ऑक्टोबर १६८० रोजीं रिके तूलूझ येथें मरण पावला. कालव्याचें थोडेंच काम तेव्हां उरलें होतें. पुढें सात-आठ महिन्यांनीं, मे १६८१ मध्यें, राजाचे अधिकारी आणि नार्बोनचे धर्माध्यक्ष ह्यांना घेऊन सजविलेल्या नौका तूलूझहून निघाल्या आणि जिन्यामागून जिने उतरत समुद्रापर्यंत गेल्या. कांठावर लोकांची दाटी होती. ज्यानें हा मार्ग काढला तो मात्र त्यावरून एकदांहि टोंकापासून टोंकापर्यंत गेला नाहीं. त्याचा थोरला मुलगा झां मातियास ह्यानें उरलेलें काम पुरें केलें. वडिलांनीं मुलांस ठेवलें तें वीस लाख लिव्रहून अधिक कर्ज. तें फेडून कुटुंबाच्या हातीं कालव्याचें खरें उत्पन्न पडूं लागलें तें १७२४ सालीं, रिकेच्या मृत्यूनंतर चव्वेचाळीस वर्षांनीं.

काम पुरें झालें तरी तें निर्दोष नव्हतें. वाटेंतील ओढे पावसाळ्यांत कालव्यांत गाळ आणून टाकीत. १६८६ सालीं सेनानी व आद्य अभियंता व्होबां ह्यानें पाहणी केली, आणि त्याच्या सूचनेवरून ओढ्यांना कालव्याखालून वाट देणाऱ्या अनेक मोऱ्या व पूल बांधले गेले. ओर्ब नदी मात्र नौकांना प्रत्यक्ष पात्रांतूनच ओलांडावी लागे. पूर आला कीं दिवसचे दिवस खोळंबा होई. १८५८ सालीं नदीवर पूल घालून त्यावरून कालवाच पलीकडे नेला, तेव्हां ही अडचण मिटली, आणि फॉन्सेरानचा शेवटचा हौद वाटेंतून गळाला.

मे १७८७ मध्यें ह्या कालव्यानें एक चौकस प्रवासी गेला. टॉमस जेफरसन हा तेव्हां फ्रान्समध्यें अमेरिकेचा वकील होता. त्यानें आपल्या घोडागाडीचीं चाकें काढून ती सबंध गाडीच नौकेवर ठेवली, आणि तींत बसून, कांचांतून दोन्ही कांठ पाहत तो समुद्राकडून तूलूझकडे गेला. मन मानेल तेव्हां तो उतरून कांठानें चालत जाई. परंतु ह्या सुखाच्या प्रवासांत त्यानें एक कष्टाची फेरी मुद्दाम काढली: कालवा सोडून, घोड्यावर बसून, तो पाण्याचा उगम पाहण्यासाठीं काळ्या पर्वताकडे गेला. आपल्या देशांत कालवे व्हावे अशी इच्छा असलेल्या माणसाला लॉक पाहून पुरणार नव्हतें. लॉकची नक्कल कोणीहि करील. पाणी कोठून येतें हें पाहावें लागतें, हें त्यानें ओळखलें होतें.

१८५७ सालीं बोर्दोहून सेतपर्यंत आगगाडी धांवूं लागली. लगेच पुढल्या वर्षीं कालवा त्याच आगगाडीच्या कंपनीला चाळीस वर्षांच्या करारानें देण्यांत आला. प्रतिस्पर्ध्याच्या हातीं किल्ल्या गेल्यावर जें व्हावयाचें तें झालें. धान्य आणि दारूचीं पिंपें हळूहळू रुळांवर गेलीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारनें कालवा आपल्याकडे घेतला. मालाच्या नौका विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपर्यंत कशाबशा चालल्या आणि मग बंद झाल्या. १९९६ सालीं जागतिक वारशाच्या यादींत कालव्याची गणना झाली. आतां त्यावर चालतात त्या सहलीच्या नौका. दोन्ही कांठांच्या मातीला आपल्या मुळांनीं धरून ठेवणारे, आणि पाण्यावर सावली धरणारे चिनाराच्या जातीचे हजारों वृक्ष ही त्याची मोठी शोभा होती. २००६ सालीं त्यांना एका बुरशीचा रोग जडल्याचें आढळलें. त्यावर उपाय नसल्यामुळें हजारों झाडें तोडून जाळावीं लागलीं आहेत, आणि त्यांच्या जागीं दुसऱ्या जातींचीं रोपें लावण्याचें काम चाललें आहे.

फॉन्सेरानच्या जिन्यावर उन्हाळ्याच्या दिवसांत आजहि प्रेक्षकांची गर्दी होते. दारें आतां विजेच्या साह्यानें उघडतात. नौकेंतील मंडळी दोर सांवरतात, मुलें भिंतीवरून वांकून खालीं पाहतात, पाणी कोसळतें, आणि अर्ध्यापाऊण तासांत नौका खालीं पोंचून पुलाकडे वळते. रिकेचा पुतळा बेझिए शहरांत आहे, आणि त्याचें दफन तूलूझच्या देवालयांत झालेलें आहे. कांपमासची आणि पिरिनीजच्या त्या बायकांची आठवण देणारें येथें कांहीं नाहीं. नौका निघून गेली कीं तिनें खर्चिलेलें पाणी समुद्राच्या वाटेला लागतें. पुढच्या नौकेसाठीं लागणारें पाणी त्या वेळीं शेंकडों वळणांच्या पाटानें डोंगर उतरत असतें.